नाते मोजायचे तर दोन्ही बाजूंनी मोजा : समुपदेशन केंद्रांच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
समुपदेशन व मानसोपचार केंद्रांचे संचालक, विश्वस्त आणि तिथे काम करणारे मानसशास्त्रज्ञ यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकमध्ये राहते, मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते आणि काही वर्षांपासून मानसोपचार घेते आहे. ज्या केंद्रात जाते त्याचे नाव इथे लिहीत नाही. मला एका केंद्राशी भांडायचे नाही. तिथे जो नियम झाला तो उद्या आणखी कोणालाही सुचू शकेल, म्हणून हे पत्र सगळ्यांना आहे.

नियम असा : रुग्णाला आपल्या थेरपिस्टची किती ओढ वाटते हे प्रश्नावलीने मोजायचे, आणि आकडा ठरावीक मर्यादेच्या वर गेला की रुग्णाचा थेरपिस्ट बदलायचा.

तो मला लागू झाला. एका सेशनच्या आधी रिसेप्शनवरच्या मुलीने हातात टॅब दिला. ‘सर्व्हिस सुधारण्यासाठी फॉर्म आहे, भरून द्या,’ एवढेच ती म्हणाली. शेजारी अनोळखी माणसे बसली होती. फॉर्ममधली विधाने माझ्या थेरपिस्टविषयी होती. मी अस्वस्थ असते तेव्हा त्यांचा आधार वाटतो का, त्या रोज भेटाव्यात असे वाटते का, त्यांच्या इतर रुग्णांचा विचार मनात येतो का, त्यांना मी आवडत नसेन अशी शंका येते का. मी प्रामाणिक उत्तरे दिली. स्वतःविषयी खरे बोलायला मी याच केंद्रात शिकले होते, त्यामुळे इथे काही लपवावे असे मनातही आले नाही. काही आठवड्यांनी फोन आला. माझा ‘अवलंबित्वाचा स्कोअर’ जास्त आहे, धोरणानुसार पुढच्या वेळेपासून दुसऱ्या मॅडम असतील. जुन्या मॅडमना एकदा भेटता येईल का, असे विचारले. ‘त्याने उलट त्रास वाढतो,’ असे उत्तर मिळाले.

या सगळ्यात माझे काय गेले, ते आधी सांगते. माझी आई मी लहान असताना वारली. काकांच्या घरी वाढले. तिथे कोणी वाईट वागले नाही, पण आपण कोणाला जड होऊ नये हे मी फार लवकर शिकले. ताप आला तरी सांगायचे नाही, वही संपली तरी सांगायचे नाही. ‘पोर किती समजूतदार आहे’ असे सगळे म्हणायचे. चाळिशी ओलांडल्यावर रात्री छातीत धडधड सुरू झाली, झोप गेली, वर्गात शिकवताना शब्द सापडेनासे झाले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून मानसोपचाराकडे पाठवले. तिथेही बराच काळ मी मॅडमना ‘मी ठीक आहे’ एवढेच सांगत होते. त्यांनी घाई केली नाही. मग केव्हातरी मी सांगू लागले. कोणीतरी आपले ऐकते आहे, पुढच्या मंगळवारी पुन्हा ऐकणार आहे, या भरवशावर आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाची तरी वाट पाहिली. फॉर्ममध्ये जे जास्त भरले ते हेच. माझ्यासाठी तो उपचाराचा गुण होता. तुमच्या फाइलमध्ये त्याची नोंद लक्षण म्हणून झाली.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, म्हणजे गैरसमज नको. मोजण्याला माझा विरोध नाही. मानसोपचारात रुग्णाला काय वाटते हे कोणी विचारतच नाही, अशा जागाही आहेत आणि त्या जास्त वाईट आहेत. विचारा, मोजा, पण कशासाठी मोजता हे तरी ठरवा. त्या फोननंतर या विषयावर मराठीत आणि इंग्रजीत जे मिळाले ते मी वाचत गेले. वाचले ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असायला हवे. तरी लिहिते, कारण हे पत्र रुग्णही वाचणार आहेत आणि आपल्या फाइलमधल्या आकड्याचा अर्थ काय हे जाणून घेण्याचा त्यांना हक्क आहे.

भावबंधाचा, म्हणजे अटॅचमेंटचा सिद्धांत जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने मांडला. आईवडिलांपासून तुटलेल्या मुलांचे काय होते यावर त्यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला, पुढे १९६९ ते १९८० या काळात तीन खंड लिहिले. मूल आपल्या माणसाला चिकटते ते भुकेपोटी किंवा लाडावल्यामुळे नाही, धोक्याच्या वेळी कोणाजवळ तरी जाणे ही जगण्याचीच गरज आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ही गरज मोठेपणी संपते असेही त्यांनी कधी म्हटले नाही. १९८८ साली त्यांनी मानसोपचाराविषयी लिहिले तेव्हा थेरपिस्टचे पहिले काम सांगितले ते हे : रुग्णाला असा सुरक्षित आधार द्यायचा, की जिथे पाय टेकवून तो आपल्या आयुष्यातल्या दुखऱ्या जागा पाहू शकेल. बाकीची कामे त्यानंतरची. थेरपिस्टशी भावबंध जुळणे हे या विचारात उपचाराचे माध्यमच आहे.

मोजण्याचे काम सुरू केले मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे. पन्नासच्या दशकात त्या युगांडातल्या गावांमध्ये आया आणि बाळे पाहत होत्या. नंतर अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये त्यांनी २६ कुटुंबांचा अभ्यास केला. बाळाच्या पहिल्या वर्षात प्रत्येक घरी मिळून सुमारे ७२ तास निरीक्षण झाले. त्यानंतर प्रयोगशाळेतली ती वीसेक मिनिटांची प्रसिद्ध पद्धत आली, ज्यात आई खोलीतून थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. मूल किती रडले यावर एन्सवर्थ यांचा निष्कर्ष उभा नव्हता. आई परत आल्यावर ते तिच्याकडे कसे जाते, शांत होते का, पुन्हा खेळायला लागते का, हे त्या पाहत होत्या. मोठ्याने रडून आईच्या कुशीत लगेच निवणारे मूल त्यांच्या वर्गीकरणात सुरक्षित ठरले. आई गेली तरी मान वर न करणारे, समजूतदार वाटणारे मूल सुरक्षित ठरले नाही. १९७७ साली स्रूफ आणि वॉटर्स यांनी दाखवले की वरून शांत दिसणाऱ्या अशा मुलांच्याही हृदयाचे ठोके आतून वाढलेले असतात. हे वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. काकांच्या घरातली समजूतदार पोर मला त्या वाक्यात दिसली.

आता तुमच्या प्रश्नावलीविषयी. रुग्णाचा थेरपिस्टशी भावबंध मोजणारी सर्वांत जास्त वापरली गेलेली प्रश्नावली १९९५ साली अमेरिकेत ब्रेंट मॅलिंक्रॉट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तयार केली. तिच्यात ३६ विधाने आहेत आणि प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत आहोत हे सहा पायऱ्यांवर सांगायचे असते. उत्तरांचे तीन वेगवेगळे आकडे निघतात. पहिला सुरक्षित भावबंधाचा : थेरपिस्टवर भरवसा आहे, त्यांच्यासमोर भीतीदायक गोष्टी बोलता येतात. दुसरा टाळण्याचा आणि भीतीचा : थेरपिस्टना मी आवडत नसेन, त्यांच्यापुढे बोलताना लाज वाटते, विश्वास बसत नाही. तिसरा ओढीचा : त्या सतत जवळ असाव्यात, आपल्याला त्यांच्या आयुष्यात जास्त जागा असावी. माझ्या टॅबवर आलेला फॉर्म याच प्रश्नावलीचे मराठी रूप होता, हे विधाने ताडून पाहिल्यावर कळले. मला फोनवर मात्र एकच आकडा सांगितला गेला, तिसरा. पहिल्याचे काय झाले? माझा भरवसा किती आला, भीती किती कमी निघाली, याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. मूळ संशोधकांनी तीन आकडे एकत्र ठेवून वाचले आणि त्यांच्या मेळातून रुग्णांचे चार गट पाडले. तिसरा आकडा सुटा काढून त्यावर ‘अवलंबित’ असा शिक्का मारणे हे त्या साधनाशी विसंगत आहे. अमुक आकड्याच्या वर गेले की थेरपिस्ट बदला, अशी कोणतीही रेषा मूळ प्रश्नावलीत नाही. तुम्ही ती कुठून आणली? आणखी एक गोष्ट. २०१५ साली मॅलिंक्रॉट यांनीच एका सहकाऱ्याबरोबर आधीच्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले. सुरक्षित भावबंध जास्त असेल तिथे उपचारातले सहकार्यही, म्हणजे रुग्ण आणि थेरपिस्ट यांचे मिळून काम करणे, चांगले असते आणि टाळण्याचा आकडा जास्त असेल तिथे ते कमी असते, हे ठळकपणे दिसले. ओढीच्या आकड्याचा मात्र सहकार्याशी संबंध जवळजवळ शून्य निघाला. म्हणजे ज्या आकड्यावरून आमचे थेरपिस्ट बदलले जात आहेत, त्यावरून उपचार बिघडला की नीट चालला आहे हे कळतच नाही.

अनुभवी थेरपिस्ट अशा रुग्णाचे काय करतात, हेही लिहिलेले आहे. मॅलिंक्रॉट आणि डेली यांच्या २००९ च्या अभ्यासात त्यांनाच ते विचारले गेले. फार ओढ असलेल्या माणसाला सुरुवातीला काही प्रमाणात हवी ती जवळीक द्यायची, आणि मग हळूहळू, त्याला पेलेल अशा बेताने, अंतर वाढवत न्यायचे. टाळणाऱ्या माणसाबाबत उलट : आधी त्याला हवे तेवढे अंतर ठेवायचे आणि सावकाश जवळ यायचे. या वाटेवर ओढ मध्येच वाढणारच. मी आयुष्यभर टाळणारी होते. टाळण्याकडून भरवशाकडे जाताना मध्ये ओढीचा टप्पा आला. त्याच टप्प्यावर एकदाच मोजून तुम्ही मला अर्ध्या वाटेवरून परत पाठवले.

दुसरी तक्रार थेरपिस्ट ज्या रीतीने बदलले त्याबद्दल आहे. आपल्या माणसापासून अचानक तुटले की ओढ वाढते, माणूस शोधतो, रागावतो, मग खचतो. बोल्बी यांनी आपल्या कामाचा मोठा भाग हेच समजून घेण्यात घालवला. तुम्ही न सांगता थेरपिस्ट बदलता, रुग्ण रडतो, पुन्हा पुन्हा फोन करतो, आणि तेच त्याच्या अवलंबित्वाचा पुरावा म्हणून फाइलमध्ये लिहिले जाते. या फेऱ्यातून रुग्णाला बाहेर पडायला वाटच उरत नाही. थेरपिस्ट बदलावे लागतात हे मला समजते. माणसे नोकरी सोडतात, गावे बदलतात, बाळंतपणाच्या रजेवर जातात, आजारी पडतात. म्हणून तर उपचाराचा शेवट हा उपचाराचाच भाग मानला जातो. कधी थांबायचे ते आधी सांगायचे, त्यावर बोलायचे, निरोप घ्यायचा. लहानपणी ज्याला कोणी निरोप घेऊ दिला नाही त्याच्यासाठी तर हे सेशन सगळ्यांत मोलाचे असते. मला आईच्या अंत्यदर्शनाला नेले नव्हते, ‘लहान आहे, घाबरेल’ म्हणून. केंद्रातून ‘त्रास वाढतो’ हे ऐकले तेव्हा मला तेच घर आठवले. माझ्या मॅडमना हे सगळे माहीत होते. ज्यांनी निर्णय घेतला त्यांनी त्यांना विचारले होते का?

तिसरी. नाते दोघांचे असते आणि तुम्ही मोजले एकीला. एन्सवर्थ यांनी बाळांइतकेच आयांनाही पाहिले होते. बाळाचा इशारा आईला कळतो का, ती वेळेवर आणि नेमका प्रतिसाद देते का, याच्या मोजपट्ट्या त्यांच्या कामाचा गाभा आहेत. मानसोपचारातल्या सहकार्याची एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ साली जी मांडणी केली, तिच्यावर १९८९ मध्ये हॉर्वाथ आणि ग्रीनबर्ग यांनी ३६ विधानांचीच प्रश्नावली बनवली. ध्येयावर एकमत, कामावर एकमत आणि परस्परांतला जिव्हाळा या तीन बाजू ती मोजते, आणि ती रुग्णासाठी वेगळी व थेरपिस्टसाठी वेगळी आहे. दोघांनी भरायची. हे साधन तुमच्या हाताशी असताना रुग्णानेच कागद भरायचा आणि रुग्णाच्याच फाइलमध्ये शेरा पडायचा, हे मला न्याय्य वाटत नाही. सेशन वारंवार पुढे ढकलले जात असेल, थेरपिस्ट दमलेले असतील, दिवसाला त्यांच्यावर पेशंटची रांग लावली जात असेल, तर रुग्णाची धास्ती वाढेलच. तो आकडा मग रुग्णाचा की तुमच्या वेळापत्रकाचा?

चौथ्या मुद्द्यावर मला मानसशास्त्रज्ञांशी बोलायचे आहे. १९९५ ची ती प्रश्नावली १३८ अमेरिकी रुग्णांच्या उत्तरांवर उभी आहे. ती मराठीत उतरवणे सोपे आहे. कठीण काम पुढे आहे. इथल्या माणसांवर ती तपासून पाहावी लागते, इथले सरासरी आकडे काढावे लागतात, इथे कोणते विधान कशाची खूण आहे हे ठरवावे लागते. आमच्याकडे बरेच रुग्ण थेरपिस्टला ताई म्हणतात. संक्रांतीला तिळगूळ घेऊन जातात. मुलीचे लग्न ठरले की पत्रिका देतात आणि यावे अशी मनापासून अपेक्षा ठेवतात. ‘तुमच्या घरी कोण कोण असतं?’ हा आमच्याकडे ओळखीचा पहिला प्रश्न आहे. थेरपिस्टच्या घराविषयी जाणून घ्यावेसे वाटते या विधानाला इथे ‘हो’ म्हणणारा माणूस आजारी ठरत असेल, तर अर्धा महाराष्ट्र आजारी ठरेल.

हा विचार कोणा परक्याने आपल्याला शिकवायची गरज नाही. चंडीगडचे मनोविकारतज्ज्ञ जसवंत सिंग नेकी यांनी १९७३ साली गुरू आणि चेला या नात्याकडे उपचाराचा एक नमुना म्हणून पाहावे असे सुचवले होते, आणि पुढे अवलंबून राहण्याला प्रत्येक संस्कृती वेगळे मोल देते हेही मांडले. पाश्चात्त्य पद्धतीत थेरपिस्टने लवकरात लवकर अंतर राखावे अशी अपेक्षा असते. भारतीय रुग्ण मात्र भरवशाचा, आपले मानणारा माणूस शोधत येतो. नेकी यांचे सगळे म्हणणे मान्य करावे असे मी म्हणत नाही. गुरू मानण्याचे धोके आपल्या समाजाने पुरेसे पाहिले आहेत. पण पन्नास वर्षांपूर्वी आपल्याच देशातल्या डॉक्टरने उभा केलेला प्रश्न बाजूला सारून, परदेशातली मोजपट्टी उचलून नाशिकच्या बाईला लावणे मला पटत नाही.

धोक्यांचा उल्लेख आलाच आहे, तर तेही मोकळेपणाने लिहिते. रुग्णाच्या ओढीचा गैरफायदा घेणारे थेरपिस्ट असतात. उपचार वर्षानुवर्षे लांबवणारे असतात, रुग्णाशी पैशाचे किंवा शरीराचे संबंध जोडणारेही असतात. रुग्ण गुंतत चालला आहे हे वेळेवर कळावे, यासाठी अशा मोजमापाचा उपयोग होऊ शकतो आणि व्हावा. पण तो आकडा वरिष्ठ मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली थेरपिस्टशी होणाऱ्या चर्चेत जायला हवा. या नात्यात काय चालले आहे, तुम्ही काय करता आहात, मर्यादा कुठे सैल झाल्या, असे प्रश्न आधी थेरपिस्टला विचारले जावेत. संशय थेरपिस्टवर असेल तर चौकशी त्यांची करा. रुग्णाचे सेशन तोडणे ही चौकशी नाही.

पाचवी तक्रार संमतीची. ‘सर्व्हिस सुधारण्यासाठी’ असे सांगून घेतलेल्या उत्तरांवरून माझ्या उपचाराचा निर्णय झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नीतितत्त्वे सांगतात की संशोधनात माणसाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घ्यावी. तुम्ही म्हणाल, हे संशोधन नव्हते. मग ते उपचाराचा भाग होते, आणि तसे असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ समोर येतो, जो २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा आणि कलम २५ मध्ये आपली वैद्यकीय कागदपत्रे पाहण्याचा हक्क आहे. माझी उत्तरे रिसेप्शनवर कोणी पाहिली, व्यवस्थापनात कोणी पाहिली, टॅबमधून ती कुठे साठली, हे मला आजही कोणी सांगितलेले नाही. स्कोअरची प्रत मागितली तर ‘अंतर्गत कागद आहे’ असे सांगून नाकारली. माझ्या मनातल्या सर्वांत नाजूक गोष्टीचा हा कागद. तो मला सोडून सगळ्यांसाठी खुला कसा?

आणखी एक धोका मला शिक्षिका म्हणून दिसतो. शाळेच्या निकालाच्या टक्केवारीवर शिक्षकाचे मूल्यमापन सुरू झाले की कच्ची मुले नकोशी होतात, हे मी स्टाफरूममध्ये पाहिले आहे. भावबंधाचे आकडे थेरपिस्टच्या पगारवाढीला जोडले गेले तर लवकर विश्वास टाकणारे, गोड बोलणारे रुग्ण सर्वांना हवेसे होतील. ज्यांना लहानपणी मार बसला, ज्यांना कोणी टाकून दिले, जे महिनोन्‌महिने गप्प बसतात, त्यांचे आकडे सुरुवातीला वाईटच येणार. त्यांना कोण घेईल? रुग्णही खरे लिहिणार नाहीत. मॅडमची नोकरी जाईल म्हणून जास्त चांगले लिहितील, आपले सेशन तुटेल म्हणून ओढ लपवतील. माझ्यापुरते सांगायचे तर पुढच्या फॉर्ममध्ये मी खरे लिहीन याची खात्री आज देऊ शकत नाही.

आणि हे सगळे कुठे घडते आहे? बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडे चित्र फार वेगळे असेल असे मानायला मला कारण दिसत नाही. इतक्या अडथळ्यांतून एखादा माणूस तुमच्या दारापर्यंत येतो. घरच्यांपासून लपवून येतो, पगारातून फी काढून येतो. तो कोणावर तरी विश्वास टाकतो, आणि त्या विश्वासाचा आकडा जास्त आला म्हणून त्याला हलवले जाते. असे हलवलेले किती जण परत येतात, हे मोजा. ते मोजमाप मला खरोखर पाहायचे आहे.

माझ्या मागण्या :

१. भावबंधाच्या किंवा कोणत्याही प्रश्नावलीच्या आकड्यावरून आपोआप थेरपिस्ट बदलण्याचा नियम ताबडतोब बंद करा. बदल हवा असेल तर रुग्ण आणि थेरपिस्ट यांनी एकत्र बसून ठरवावा.

२. थेरपिस्ट बदलणे अटळ असेल तेव्हा आधी सांगा आणि निरोपाची सेशन द्या. ज्यांचे सेशन असे तोडले गेले त्यांना ती आता द्या. त्यांत मीही आहे. मधल्या काळात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक देऊन मोकळे होऊ नका. तो अडीअडचणीला उपयोगी आहे, पण तिथे फोन उचलणाऱ्याला आमची गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते.

३. मोजायचे तर पुन्हा पुन्हा, ठरावीक अंतराने मोजा, तिन्ही आकडे एकत्र वाचा आणि ते थेरपिस्टने रुग्णासमोर ठेवून त्यावर बोलावे. ‘हे तुम्ही असं लिहिलंत, त्याबद्दल बोलू या का?’ एवढे विचारले असते तरी माझ्या त्या फॉर्मचा उपयोग झाला असता.

४. थेरपिस्टकडूनही भरून घ्या. आणि हे आकडे कोणाच्याही पगाराला, बढतीला किंवा रँकिंगला जोडू नका.

५. मराठी प्रश्नावली मराठी रुग्णांवर तपासल्याशिवाय तिच्यावरून निर्णय घेऊ नका. विद्यापीठांचे मानसशास्त्र विभाग आणि मोठी केंद्रे मिळून हे काम करू शकतात. त्यासाठी माझ्यासारखे रुग्ण, रीतसर संमती घेतली तर, आनंदाने वेळ देतील.

६. फॉर्म देण्याआधी तो कशासाठी आहे, कोण वाचणार, किती काळ ठेवणार, नकार दिला तर उपचारावर परिणाम होणार नाही, हे लिहून द्या. भरायला स्वतंत्र खोली द्या. प्रतीची मागणी केली तर प्रत द्या.

७. माझ्या आणि इतरांच्या फाइलमध्ये या आकड्यावरून ‘अवलंबित’ असे जे शेरे पडले आहेत ते काढा, किंवा त्याखाली रुग्णाचे म्हणणे नोंदवा. पुढचा थेरपिस्ट तीच फाइल वाचून आम्हाला भेटतो.

मानसशास्त्रज्ञ मंडळींना वेगळी विनंती आहे. यातले पुष्कळ तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे आणि व्यवस्थापनापुढे बोलणे तुम्हाला कठीण जाते, हे मला कळते. तरी बोला. या प्रश्नावल्यांचे प्रशिक्षण तुमचे आहे, हिशेब पाहणाऱ्या विश्वस्तांचे नाही. तुम्ही लेखी आक्षेप नोंदवलात तर तो माझ्या या पत्रापेक्षा जास्त वजनाचा ठरेल.

तुमच्या केंद्राचे या बाबतीतले धोरण काय आहे ते मराठीत लिहून प्रतीक्षागृहात लावावे आणि तुमच्या रुग्णांना त्यावर प्रश्न विचारू द्यावेत, एवढे उत्तर मला पुरेसे आहे. माझ्या केंद्राला मी कलम २५ चा उल्लेख करून कागदपत्रांसाठी लेखी अर्ज दिला आहे. या पत्राची एक प्रत राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडेही पाठवत आहे.

आपली,
मानसोपचार घेणारी एक शिक्षिका,
नाशिक